मुदत आणि मर्जी

महाबळेश्वरच्या डोंगरातून निघालेली कृष्णा वाईच्या घाटांवरून माहुलीला येते, तिथे वेण्णा तिला भेटते. कऱ्हाडला कोयना भेटते. औदुंबरच्या दत्ताजवळून ती सांगलीला पोचते आणि हरिपूरला वारणा तिला येऊन मिळते. या वाटेवरच्या पायऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी डोक्यावरचे केस उतरवले. कुणाचा बाप गेला म्हणून, कुणाचा नवस फिटला म्हणून, कुणाच्या लेकराचे जावळ काढायचे म्हणून. एका बैठकीत सगळे डोके मोकळे व्हायचे, आणि गेलेल्या केसांसाठी कुणी उसासा टाकत नसे. आज याच मुलखातला एखादा माणूस टक्कल झाकण्यासाठी केसांचे प्रत्यारोपण करून घेतो. शस्त्रक्रिया नीट पार पडते. पण तीन-चार आठवड्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूचे, जिथून केस उचलले त्याच्या आसपासचे केस विरळ होऊ लागतात आणि त्याची झोप उडते. डॉक्टर याला ‘शॉक लॉस’ म्हणतात. बहुतेक वेळा हे विरळपण काही महिन्यांत भरून येते. मग ज्या मुलखाने संपूर्ण मुंडण शांतपणे सोसले, तिथे मागच्या बाजूचे थोडे केस पातळ झाल्याने माणूस इतका का हादरतो? या प्रश्नाचे उत्तर कातडीखाली शोधून पुरत नाही. सातारा-सांगलीच्या वपनाचा इतिहास पाहिला तर दिसते की, केस जाण्याचे दुःख किती केस गेले यावर ठरत नाही. ते दोन गोष्टींवर ठरते: परत येण्याची मुदत आधी ठाऊक होती का, आणि जाताना त्या माणसाची मर्जी विचारली होती का.

आधी त्या विरळपणाचे कारण समजून घेऊ. पुरुषांच्या टकलात कपाळावरचे आणि टाळूवरचे केस जातात, पण कानामागून मानेपर्यंतचा पट्टा सहसा टिकून राहतो. प्रत्यारोपणात याच पट्ट्यातून केस मुळासकट उचलतात. त्याला डोनर एरिया म्हणतात. उसाच्या मुलखात तो समजावणारा शब्द घरचाच आहे: बेणे मळा. निरोगी बेणे मिळावे म्हणून शेतकरी जसा एक तुकडा राखतो, तसा हा डोक्यावरचा राखीव तुकडा. पण उपमा इथेच थांबवली तर फसगत होते. ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत राहतो आणि त्यातून खोडवा फुटतो. प्रत्यारोपणात उचललेले मूळ मात्र दुसरीकडे जाते. ज्या छिद्रातून ते गेले तिथे पुन्हा केस येत नाही. म्हणजे डोनर एरियात दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडतात. उचललेले केस त्या जागेपुरते कायमचे जातात. पण त्यांच्या शेजारचे, हात न लावलेले केसही काही वेळा गळतात आणि त्यांची मुळे जागेवरच असतात. एक मिलिमीटरच्या आसपास रुंदीच्या शेकडो, कधी हजारो बारीक जखमा, भूल देताना टोचलेल्या औषधाने काही काळ मंदावलेला रक्तपुरवठा, नंतरची सूज, या सगळ्यांचा धक्का बसून शेजारची मुळे वाढ थांबवतात आणि विश्रांतीत जातात. डोक्यावरच्या प्रत्येक केसाला अशी विश्रांती आयुष्यात अनेकदा मिळतेच. वाढीची काही वर्षे आणि मग सुमारे तीन महिने थांबणे हे त्याचे नेहमीचे चक्र. धक्क्याने एवढेच होते की एरवी आळीपाळीने थांबणारे केस एकदमच थांबतात. साधारण दोन ते सहा आठवड्यांत ते गळतात आणि तीन ते सहा महिन्यांत पुन्हा दिसू लागतात. शस्त्रक्रियेशिवाय घडणारा याचाच एक भाऊबंद घरोघर माहीत आहे. मुदतीच्या तापातून उठलेल्या माणसाचे आणि बाळंतिणीचे केस दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीने गळतात आणि मग सावरतात, हे जाणत्या बायकांनी फार पूर्वीपासून पाहिले होते. अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९६१ मध्ये अशा गळतीला शास्त्रीय नाव दिले. अनुभव त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

शरीराच्या एका जागेचे घेऊन दुसरीकडे लावायचे ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. पेशवाईच्या अखेरीस, १७९३ च्या सुमारास, पुण्यात कावसजी नावाच्या बैलवानाचे कापलेले नाक त्याच्याच कपाळाची कातडी वळवून पुन्हा बांधले गेले. इंग्रज फौजेत काम करणाऱ्या या माणसाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. शस्त्रक्रिया करणारा माणूस कुंभारकाम, वीटकाम करणाऱ्या जातीतला होता, आणि थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ती पाहिली. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि युरोपात नाक बांधण्याची विद्या पुन्हा सुरू झाली. केसांच्या बाबतीत जपानचे शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्ये केसांसकट कातडीचे बारीक गोल तुकडे लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली, पण महायुद्धात ती जगाच्या नजरेआड राहिली. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५२ मध्ये टकलावर असे प्रत्यारोपण केले आणि १९५९ मध्ये त्यामागचे तत्त्व मांडले: केस नव्या जागी गेला तरी जुन्या जागेचा गुण सोबत नेतो, म्हणून मागचा टिकाऊ केस पुढे लावला तर तो पुढेही टिकतो. एकेक मूळ सुटे काढण्याची पद्धत २००२ च्या सुमारास रूढ होऊ लागली आणि पुढे ती जगभर पसरली. या साऱ्या प्रवासात एक गोष्ट बदलली नाही. देणाऱ्या जागेला काही ना काही किंमत मोजावीच लागते. कावसजीला नाक मिळाले, आणि ज्या कपाळाने कातडी दिली त्याच्यावर त्या देण्याची खूण राहिली.

आता कृष्णाकाठच्या वस्तऱ्याकडे येऊ. बारा बलुतेदारांत न्हावी होता. सुगीला घरोघरचे धान्य घ्यायचे आणि वर्षभर गावाची डोकी सांभाळायची, हा त्याचा करार. त्याच्या धोकटीत वस्तरे, कातर, नखे काढायची नराणी, चिमटा, पाण्याची वाटी आणि आरसा असायचा. रुतलेला काटा काढणे, पिकलेले गळू फोडणे ही कामेही पुष्कळ गावांत त्याच्याकडेच जायची. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गांव-गाडा’ लिहिला तेव्हा बलुत्याची ही व्यवस्था त्यांना मोडकळीला येताना दिसत होती, पण अजून ती चालू होती. न्हाव्याच्या कामातले सर्वांत मोठे भांडवल म्हणजे विश्वास. रोज दुसऱ्याच्या गळ्यावर धारदार पाते ठेवणाऱ्याला त्याशिवाय धंदा करता येत नाही. प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी सय्यद बंडाचा वार अडवून शिवाजी महाराजांना वाचवणारा जिवा महाला याच समाजातला, आणि ही आठवण जावळी-वाईच्या परिसरात आजही अभिमानाने सांगितली जाते. मला त्या आठवणीतला पराक्रमाइतकाच दुसरा अर्थ महत्त्वाचा वाटतो: ज्याच्या हातात पाते, त्याच्यावरच भरवसा.

या भरवशाला समाजाने चौकट दिली होती. जावळाचेच घ्या. मांढरदेवची काळूबाई, पालीचा खंडोबा, शिखर शिंगणापूरचा शंभूमहादेव, ज्याचे जे कुलदैवत तिथे लेकराला मामाच्या मांडीवर बसवून त्याचे पहिले केस काढतात. लेकरू रडते, पण घर हसत असते, कारण सगळ्यांना माहीत असते की दोन-तीन महिन्यांत डोके पुन्हा भरेल, आणि नवे केस दाट येतील अशी समजूतही असते. बाप वारल्यावर मुलगा क्षौर करतो तेव्हाही तसेच. त्याचे उघडे डोके सगळ्या गावाला सांगते की या घरात दुःख आहे. आणि डोक्यावर पुन्हा केस उगवू लागतात तसा तो हळूहळू व्यवहारात परत येतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. शरीराची ही संथ चाल शोकाला मोजमाप देत होती. कारण सगळ्यांना ठाऊक, मुदत सगळ्यांना ठाऊक, आणि साक्षीला नदी व गाव. अशा चौकटीत संपूर्ण मुंडणही माणसाला एकटे पाडत नव्हते. वस्तरा मुळाला हात लावत नाही, हे शरीराचे सत्य. आणि केस गेलेला माणूस लवकरच पुन्हा आपल्यातला होणार, हे समाजाचे वचन. दोन्ही एकत्र होती म्हणून ते सहन होई.

पण हाच वस्तरा, हेच पाणी आणि हाच न्हावी एका ठिकाणी वचनाशिवाय वापरला गेला. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत नवरा वारलेल्या बाईचे केशवपन होई. आलवण नेसवून तिला सोवळी केले जाई आणि पुढे केस थोडे वाढले की न्हावी पुन्हा बोलावला जाई. काही विधवा तर अजून वयातही आलेल्या नव्हत्या. शरीराच्या दृष्टीने पाहिले तर अशा विधवेच्या डोक्यावरचे एकही मूळ मेलेले नव्हते. प्रत्येक मूळ दर महिन्याला सेंटिमीटरभर केस देण्याचा प्रयत्न करत होते, मरेपर्यंत करत होते. ते वाढू दिले जात नव्हते, एवढेच. जावळ आणि क्षौर यांत गेलेले केस परत यायचे म्हणून ते वपन तात्पुरते. इथेही केस परत येतच होते, पण येण्याची परवानगी नव्हती म्हणून ते कायमचे. वपन कायमचे की तात्पुरते हे केसांच्या मुळाने ठरत नाही, सत्ता कुणाच्या हातात आहे त्याने ठरते, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार नाही.

हे ज्यांना सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रपणे दिसले त्यांत या मातीतली माणसे होती. गोपाळ गणेश आगरकर १८५६ मध्ये कऱ्हाडजवळच्या टेंभू गावात जन्मले. त्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा झाला, पण त्या कायद्याने पुनर्विवाहाची वाट मोकळी केली, वस्तऱ्याला हात लावला नाही. आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि वपनाच्या रूढीवर उघड हल्ला केला. बाईचे शरीर तिचे आहे हा मुद्दा त्यांनी शास्त्रार्थाच्या गुंत्यातून बाहेर काढून विवेकाच्या कसोटीवर ठेवला. जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे, आणि सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावचा. हे दोन्ही गाव साताऱ्याच्या मुलखातले. या दांपत्याने पुण्यात १८६३ मध्ये विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतले. त्यांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईत नाभिकांची सभा भरली. शेकडो नाभिकांनी ठरवले की यापुढे विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, आणि त्या बातमीची दखल लंडनच्या ‘टाइम्स’पर्यंत पोचली. त्याच वर्षी हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः छापून येऊ लागली आणि तिच्यातल्या यमूचे वपन वाचकांच्या मनाला डाचत राहिले.

या नाभिकांचा नकार मला वपनाच्या सगळ्या इतिहासातला सर्वांत अर्थपूर्ण क्षण वाटतो. तोवर मर्जी हा विषय निघाला की ती डोके देणाऱ्याची आहे की नाही एवढाच प्रश्न असे. १८९० च्या सभेने दुसरी बाजू दाखवली: हत्यार धरणाऱ्यालाही मर्जी असते, आणि समोरच्या माणसाची संमती नसेल तर हात आखडता घेणे हे त्याचे कर्तव्य आहे. वजनदार घरांवर अवलंबून असणाऱ्या माणसांनी हे म्हणणे सोपे नव्हते. धंद्याची नीती धंदेवाल्यांनी स्वतः ठरवल्याचे ते एक मोठे उदाहरण आहे. आणि म्हणूनच आजच्या दवाखान्यांना शिकण्यासारखे काही त्यात आहे.

इथे कुणी विचारील, जुन्या घाटांचे हे चित्र फार गोड रंगवले नाही का? आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. ज्या चौकटीचे मी वर्णन केले ती सर्वांसाठी नव्हती. गावचा न्हावी महार-मांगांच्या डोक्याला हात लावत नसे; अस्पृश्यतेची ती उघड खूण होती, आणि तिच्याविरुद्ध लढावे लागले. न्हाव्यालाही बलुत्याच्या बंधनात ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक थोडीच होती. क्षौर करणाऱ्या मुलालाही कुणी ‘तुझी मर्जी काय’ असे विचारत नव्हते. पण या शेवटच्या मुद्द्यात फरक आहे. त्या मुलाचा मान, त्याचा वाटा, त्याची जागा क्षौराने कमी होत नव्हती आणि त्याची मुदत ठरलेली होती. विधवेच्या बाबतीत मर्जीही नव्हती आणि मुदतही नव्हती. म्हणून जुन्या व्यवस्थेकडून घ्यायचे ते मुदतीचे ज्ञान, आणि तिच्याविरुद्ध लढलेल्यांकडून घ्यायची ती मर्जीची अट. एकावाचून दुसरे अपुरे आहे.

या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर काय होते, याचा दाखला याच दोन जिल्ह्यांत मिळतो. केसांत जट आली की यल्लमा देवीने बोलावले, आता ती कापायची नाही, या समजुतीने कितीतरी बायकांनी वर्षानुवर्षे जटांचा भार वाहिला. काही मुलींना तर त्यापायी देवाला सोडले गेले. इथे वपनाच्या उलट जबरदस्ती होती: केस जाऊ द्यायचेच नाहीत. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. तिचे वार्तापत्र सांगलीहून निघते. समितीच्या कार्यकर्त्यांनी जटा कापण्याचे काम चिकाटीने केले. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. ते कात्री घेऊन धावत नाहीत. आधी घरी जातात, बाईशी बोलतात, नवऱ्याशी आणि सासूशी बोलतात, केस न विंचरल्याने, तेल-धुळीने गुंता कसा घट्ट होतो ते समजावतात, जट कापल्यावर काही वाईट होणार नाही आणि केस पुन्हा नीट वाढतील हे सांगतात. बाई ‘हो’ म्हणाली की मगच कात्री. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, पण हे काम थांबले नाही. त्या कात्रीआधीच्या बोलण्यात मुदत आणि मर्जी दोन्ही आहेत. मोकळ्या झालेल्या बाईचे डोके काही महिन्यांत केसांनी भरते, आणि ते भरेल हे तिला पहिल्या दिवशीच माहीत असते.

आता दुसरा आक्षेप. विधवेच्या वपनाचे, जटांच्या जाचाचे नाव हौसेने केलेल्या शस्त्रक्रियेशेजारी घ्यावे काय? अत्याचार आणि शोभा यांची तुलना त्या बायकांच्या दुःखाचा अपमान नाही काय? तुलना दुःखाची असती तर हा आक्षेप मान्य करावा लागला असता. स्वतःहून पैसे देऊन शस्त्रक्रियेला गेलेला माणूस आणि कोंडून वपन केलेली मुलगी यांच्या यातना एका तागडीत घालता येत नाहीत. मी तुलना करतो ती प्रश्नांची. केस घेणाऱ्याने काय सांगितले आणि देणाऱ्याने काय कबूल केले, हे प्रश्न जिथे हत्यार दुसऱ्याच्या हातात असते तिथे सर्वत्र उभे राहतात. शिवाय आजची मर्जी पूर्ण मोकळी आहे असेही समजू नये. लग्नाच्या बाजारात टक्कल हे वैगुण्य ठरते, मुलगी पाहायला जाण्याआधी तरुण टोपी घालून फोटो पाठवतात, रस्त्यारस्त्यावरच्या फलकांवर आधी-नंतरची चित्रे लटकतात. ती चित्रे पुढच्या कपाळाची असतात. डोक्याच्या मागच्या बाजूचे चित्र क्वचितच लागते. जो भाग देणार आहे, तोच जाहिरातीत दिसत नाही. अशा वेळी मिळालेल्या सहीला मर्जी म्हणायचे असेल तर तिच्यामागे पुरेसे सांगणे हवे.

तिसरा आक्षेप डॉक्टरांच्या बाजूने येतो, आणि तो साधा नाही. आधीच घाबरलेल्या माणसाला ‘मागचे केसही गळतील’ असे सांगितले तर तो शस्त्रक्रियाच करणार नाही. शिवाय तसे प्रत्येकाला होत नाही, मग सगळ्यांना कशाला भिववायचे? याचे उत्तर कृष्णाकाठच्या इतिहासात आहे. सांगितलेल्या तोट्याने माणूस जितका घाबरतो, त्याहून न सांगितलेल्या तोट्याने जास्त घाबरतो. क्षौराच्या दिवशी सगळे केस जातात हे सांगूनच मुलाला घाटावर नेत, म्हणून तो डगमगत नसे. डोक्याच्या मागे तिसऱ्या आठवड्यात पडलेला पातळ पट्टा मात्र अचानक येतो. पुढे लावलेले केसही त्याच सुमारास गळून पडतात आणि साधारण तीन-चार महिन्यांनी नव्याने उगवतात. पाटण-जावळीच्या भातखाचरांत तरव्यातून काढलेले रोप लावणीनंतर काही दिवस पिवळे पडते आणि मग मूळ धरते, तसेच हे. म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या महिन्यात माणसाच्या डोक्यावर पुढेही केस नसतात आणि मागेही कमी झालेले असतात. या दोन-तीन महिन्यांच्या एकाकी काळासाठी त्याला आधीच तयार केले नसेल तर त्याला वाटते की आपण होते तेही घालवून बसलो. ज्याला हे चार वाक्यांत आधीच सांगितले आहे, तो तारखेकडे पाहत थांबू शकतो.

याच आक्षेपात एक खरी अडचण दडलेली आहे, ती उघड मांडली पाहिजे. डोनर एरियातले प्रत्येक विरळपण तात्पुरते नसते. उचललेली मुळे परत येत नाहीत, हे वर आले आहेच. त्या पट्ट्यातून मर्यादेपलीकडे मुळे काढली, किंवा एकाच जागी दाटीने काढली, तर तिथे कायमचे फटफटीत ठिपके दिसतात. मग रुग्णाने फरक कसा ओळखायचा? शेजारचे केस गळाले असतील तर सहा महिन्यांत बारीक नवे केस दिसू लागतात आणि जागा हळूहळू भरते. सहा-आठ महिन्यांनंतरही जागा तशीच राहिली, तर काढणीच जास्त झाली असण्याची शक्यता धरून तज्ज्ञाला दाखवले पाहिजे. ‘शॉक लॉस आहे, येतील केस’ हे वाक्य अशा वेळी ढाल म्हणून वापरले जाऊ शकते, आणि म्हणूनच मुदत आधी बोलून ठेवणे महत्त्वाचे. बोललेल्या मुदतीवर डॉक्टरला जाब विचारता येतो. किती मुळे काढणार, कोणत्या भागातून, किती राखून ठेवणार, हे कागदावर असले की बेणे मळा उजाड होत नाही. देशाच्या वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये केसांच्या प्रत्यारोपणाबाबत सूचना काढल्या. कार्यशाळा किंवा व्हिडिओ पाहून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही, ती प्रशिक्षित डॉक्टरनेच करावी, असे त्यांत स्पष्ट केले. धंद्याची नीती वरून सांगावी लागली, ही १८९० पेक्षा उलटी दिशा आहे. मुंबईच्या नाभिकांनी ती स्वतःहून ठरवली होती.

सातारा-सांगलीच्या इतिहासातून मी जे शिकतो ते असे की, शरीरावर पाते चालवणारा धंदा कितीही नवा झाला, यंत्रे कितीही बारीक झाली, तरी त्याची प्रतिष्ठा दोन जुन्या शब्दांवर उभी राहते. मुदत सांगितली नाही तर तात्पुरते नुकसानही कायमचे वाटते. मर्जी घेतली नाही तर परत आलेले केसही गेलेल्या माणसाला परत आणत नाहीत. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९० च्या दशकात रुग्णालय उभारले तेव्हापासून हा मुलूख शस्त्रक्रियेवर विश्वास ठेवणारा म्हणून ओळखला जातो. दूरदूरची माणसे इथे येतात. तो विश्वास जपायचा असेल तर नव्या दवाखान्याने न्हाव्याच्या धोकटीतली एक वस्तू उसनी घ्यावी. केस कापून झाले की न्हावी समोरच्या आरशाशिवाय दुसरा आरसा डोक्यामागे धरतो आणि गिऱ्हाइकाला त्याची स्वतःची मागची बाजू दाखवतो, कारण ती त्याला एरवी दिसत नाही. प्रत्यारोपणात देणारी बाजू नेमकी तीच आहे. तो आरसा शेवटी धरण्याऐवजी सुरुवातीला, पहिले मूळ उचलण्याआधी धरला, आणि त्या पट्ट्याकडे बोट दाखवून सांगितले की इथले किती जातील, कोणते परत येणार नाहीत, कोणते येतील आणि कधी, तर तिसऱ्या आठवड्यात उशीवर पडलेले केस पाहून माणूस घाबरणार नाही. तो ते झटकून टाकील आणि उरलेले महिने मोजील.